फ्यूजन म्हणे!

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक चित्र लावलेलं आहे. चित्र म्हणजे प्रिंट. मूळ चित्र तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. काही वर्षांपूर्वी तीन आठवडे ऑनसाइट होतो, तेव्हा एका रविवारी तिथे जाऊन आलो. मूळ चित्र काही बघायला मिळालं नाही. रेशमावरची चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती कायम बाहेर ठेवत नाहीत. मग म्युझियमच्या दुकानातून प्रिंट घेतली, सुरळी करून बॅगेत कोंबली आणि पुण्यात आल्यावर फ्रेम करून घेतली.

घरी येणारा प्रत्येक जण त्या चित्रासमोर दोन मिनिटं थांबतो. "चायनीज आहे ना? पण जरा युरोपियन पण वाटतंय." मग मी सांगतो की हो, चीनच्या दरबारात राहणाऱ्या एका इटालियन माणसाने काढलंय. यावर हमखास ठरलेलं वाक्य येतं, "अच्छा, म्हणजे फ्यूजन!"

गेल्या शनिवारी एक जुना मित्र आला होता. तो तर एक पाऊल पुढे गेला. "ईस्ट मीट्स वेस्ट रे! दोन्हीकडचं बेस्ट उचललंय पठ्ठ्याने." मी चहा गाळत होतो म्हणून गप्प बसलो. पण आठवडाभर ते वाक्य डोक्यात अडकून राहिलं. आज वेळ आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. हे फ्यूजन नाही. आणि दोन्हीकडचं बेस्ट तर अजिबातच नाही. उलट दोन्हीकडच्या चित्रकारांना जी गोष्ट जिवापाड प्रिय होती, नेमकी तीच या चित्रातून काढून टाकलेली आहे.

आधी चित्र काय आहे ते बघू. उंची साधारण १७३ सेंटीमीटर, रुंदी ८६. रेशमावर रंग. नक्षीदार लाकडी बैठकीवर एक फिकट निळसर-हिरवट झिलईची फुलदाणी. तिच्यात कमळं, कमळाची मोठाली पानं, कमळाची बोंडं आणि धान्याची कणसं. बस्स. मागे भिंत नाही, खाली टेबल नाही. नुसतं कोरं रेशीम. चित्राचं नाव चिनीत 'जू रुई थू', म्हणजे 'शुभचिन्हांचा मेळा' असं काहीसं. काढणारा जुझेप्पे कास्तिल्योने, जन्म १६८८, गाव मिलान. जेझुइट पंथाचा ब्रदर. १७१५ साली चीनमध्ये पोहोचला, लांग शिनिंग हे चिनी नाव घेतलं, लागोपाठ तीन सम्राटांच्या पदरी राहिला आणि १७६६ साली बीजिंगमध्येच वारला. हे चित्र १७२३ चं. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा.

आता जरा जवळ या आणि ती फुलदाणी बघा. गोलाई अशी काढलीय की हात फिरवावासा वाटतो. कडेकडेने रंग हळूहळू गडद होत जातो, आणि फुगीर भागावर उजेडाची पांढरी चकाकी आहे. ज्यांनी कधी थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम केलंय त्यांना ही चकाकी लगेच ओळखू येईल. पण मग खाली बघा. बैठकीची सावली कुठे पडलीय? कुठेच नाही! पानांची सावली फुलदाणीवर? तीही नाही. वस्तूवर उजेड आहे, पण त्या उजेडाची सावली कशावरच नाही. कोणीतरी 'कास्ट शॅडोज' चा चेकबॉक्स काढून टाकल्यासारखं.

हा चेकबॉक्स कोणी काढला? माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो.

कास्तिल्योने ज्या गावात जन्मला त्या मिलानमध्ये आम्ब्रोसियाना नावाचा चित्रसंग्रह आहे. तिथे काराव्हाज्जोने काढलेली फळांची टोपली आहे. त्याही चित्रात मागे काहीच नाही, नुसती मोकळी पार्श्वभूमी. पण टोपलीतलं सफरचंद किडकं आहे, पानं वाळून गुंडाळत आलीयत. त्याच संग्रहात थोरल्या यान ब्रूगेलने कार्डिनल बोरोमेओसाठी काढलेली फुलदाणीही आहे. गच्च फुलं, आणि खाली नाणी, शिंपले, एक दागिना. युरोपातल्या फुलदाण्यांच्या चित्रांना एक अर्थ असायचा. हे सगळं सुंदर आहे आणि हे सगळं सुकणार आहे, तूही त्यातलाच. डच चित्रांतून तर गळून पडलेली पाकळी, पानावरची अळी, मागचा काळोख हे सगळं मुद्दाम घातलेलं असतं. सावली म्हणजे नुसतं टेक्निक नव्हतं. ते म्हणणं होतं.

कास्तिल्योनेच्या फुलदाणीत एकही पाकळी गळलेली नाही. किडकं पान नाही. काळोख तर नाहीच नाही. युरोपचं कसब ठेवलं, युरोपचं म्हणणं फेकून दिलं.

मग म्हणाल, जिंकली चिनी बाजू? तेही नाही. चिनी चित्रकाराचा जीव असतो रेघेत. ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला, कुठे शाई संपत आली, हे सगळं रेघेत दिसायला हवं. अक्षर लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच. या चित्रात ती रेघ गायब आहे. रंगात रंग असे मिसळलेत की हात दिसतच नाही. बाजूला जो मजकूर लिहिलाय तोही झोकदार हस्ताक्षरात नाही, सोंग काळातल्या छापील पुस्तकांच्या वळणाच्या सरळसोट अक्षरांत आहे. चक्क टाइप केल्यासारखा.

आणि हे मला आज सुचलेलं नाही बरं का. त्याच काळातला त्सोउ यीग्वेई नावाचा अधिकारी, स्वतः नामांकित फुलांचा चित्रकार, त्याने आपल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात या पाश्चात्त्यांबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय. त्यांची भूमिती पक्की, सावल्या अचूक, भिंतीवर घर रंगवलं तर आत शिरावंसं वाटतं. पण ब्रशचा हात नाही. म्हणून ही नुसती कारागिरी, हिला चित्रात धरू नये. एका वाक्यात निकाल! मला त्सोउसाहेबांचा निकाल मान्य नाही, पण त्यांच्या डोळ्यांना दाद द्यावी लागेल. काय हरवलंय ते त्यांना बरोब्बर दिसलं होतं.

तर हिशेब असा झाला. युरोपची सावली गेली. चीनची रेघ गेली. मग उरलं काय, आणि जे उरलं ते कोणाच्या कामाचं?

याचं उत्तर चित्राच्या तारखेत आहे. योंगझेंग सम्राटाच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष, नवव्या महिन्याची पंधरा तारीख. म्हणजे आपल्या १७२३ चा ऑक्टोबर.

आदल्या डिसेंबरात कांगशी सम्राट वारला होता, एकसष्ट वर्षं राज्य करून. मुलं पुष्कळ. गादीवर आला चौथा, योंगझेंग. आणि लगेच कुजबुज सुरू झाली की खरी गादी चौदाव्याची होती, याने मृत्युपत्रात फेरफार केला. खरंखोटं बाजूला ठेवा. पण कुजबुज एवढी वाढली की काही वर्षांनी सम्राटाने स्वतः या आरोपांना उत्तर देणारं पुस्तक छापून देशभर वाटलं! (आणि तो गेल्यावर त्याच्या मुलाने १७३५ साली गादीवर आल्या आल्या ते पुस्तक मागे घेतलं. अफवा खोडण्यासाठी ती आधी सगळ्यांना वाचायला द्यावी लागते, हा घोळ पोराच्या लक्षात आला असावा.)

अशा राजाला काय हवं असतं? आभाळाची सही. चीनमध्ये जुनी समजूत होती की राजा योग्य असेल तर निसर्ग तशा खुणा दाखवतो. एकाच देठावर दोन कमळं उमलतात. धान्याच्या एका ताटाला एकाहून जास्त कणसं लागतात. कास्तिल्योनेच्या फुलदाणीत नेमकं हेच आहे. जुळी कमळं आणि फुटवे आलेली कणसं. शिवाय चिनी भाषेत फुलदाणी आणि शांतता या शब्दांचा उच्चार सारखा, आणि कणीस व वर्ष यांचाही सारखा. म्हणजे वर्षानुवर्षं शांतता नांदो. बाजूच्या मजकुरात कास्तिल्योने म्हणतो की सम्राट गादीवर आल्याच्या पहिल्याच वर्षी शेतात आणि राजवाड्याच्या तळ्यात अशा खुणा एकापाठोपाठ एक दिसल्या, त्या मी पाहिल्या आणि नोंद म्हणून फुलदाणीत एकत्र रंगवल्या. सही करताना स्वतःला समुद्रापलीकडचा पश्चिमेचा सेवक म्हणवतो.

'मी पाहिल्या'. इथे थांबा जरा.

दरबारात चिनी चित्रकारांची काय कमी होती? फुलंपानं काढणारे तर एकाहून एक. मग हे चित्र या परदेशी माणसाच्या हातचं असण्याने काय साधलं? माझं मत असं की चिनी चित्रकाराने जुळं कमळ काढलं असतं तर ते शुभचिन्ह वाटलं असतं. कास्तिल्योनेने काढलं की ते पुरावा वाटतं. त्याच्या गोलाईमुळे, त्या पांढऱ्या चकाकीमुळे बघणाऱ्याला वाटतं की ही वस्तू समोर होती, कोणीतरी डोळ्यांनी बघून काढलीय. हे चित्र म्हणजे प्रतिज्ञापत्र आहे. आणि साक्षीदार कसा, तर बाहेरचा, ज्याचा इथल्या भाऊबंदकीशी संबंध नाही असा. म्हणून चकाकी ठेवली. सावली मात्र गेली, कारण सावलीत शंका लपते.

आता सगळे तुकडे जुळतात बघा. दोन परंपरा प्रेमाने एकमेकींना भेटल्या, असं काही झालेलं नाही. दरबार नावाच्या तिसऱ्या माणसाने दोघींच्या घरात जाऊन हवं ते उचललं.

आणि भाऊबंदकीशी संबंध नाही म्हणताना एक गोष्ट सांगायलाच हवी. जुआंव मोरांव नावाचा एक पोर्तुगीज जेझुइट होता. कास्तिल्योनेच्याच पंथातला, त्याच शहरात राहणारा. त्याची दोस्ती नवव्या राजपुत्राशी, म्हणजे हरलेल्या पार्टीशी. योंगझेंगने त्या राजपुत्राला दूर पश्चिमेला शिनिंगला धाडलं आणि मोरांवलाही सोबत पाठवलं. साल तेच, १७२३. तीन वर्षांनी मोरांवला मारण्यात आलं. इकडे १७२४ च्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि प्रांतोप्रांतीच्या पाद्र्यांना हाकलण्यात आलं. बीजिंगमध्ये दरबाराच्या उपयोगाचे तेवढे राहिले.

उपयोगाचे तेवढे! मित्राने उचललेल्या त्या 'बेस्ट' ची ही किंमत होती. फुलदाणीच्या झिलईवरची ती चकाकी काढताना त्या माणसाच्या मानेवर काय टांगलेलं होतं याची कल्पना करा, आणि मग तोंडाने फ्यूजन हा शब्द काढून बघा.

"हे तुझं फारच सिनिकल झालं," असं मित्र म्हणणार, मला माहीत आहे. "उसनवारी सगळेच करतात. आपल्याकडे नाही का झाली?" झाली ना. १५८० साली गोव्याहून जेझुइट लोक अकबराच्या दरबारात गेले, चित्रं आणि सचित्र बायबल घेऊन. मुघल चित्रकारांनी त्या छापील चित्रांवरून छटा उतरवायच्या शिकून घेतल्या, पुढे जहांगीरच्या मन्सूरने काश्मीरची फुलं काढली. पण फरक बघा. तिथे पाहुण्यांनी चित्रं आणली आणि ब्रश घरच्या चित्रकारांच्या हातात राहिला. काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवताना मालक तिथेही होताच, पण निदान चित्रकाराला स्वतःची भाषा विसरावी लागली नाही. बीजिंगमध्ये झाँ-देनी आतिरे हा कास्तिल्योनेचा फ्रेंच सहकारी होता. त्याने १७४३ साली घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलंय की शिकलेलं जवळपास सगळं विसरून सम्राटाच्या आवडीप्रमाणे नव्याने हात बसवावा लागला. दोन्ही प्रकारांना एकच गोंडस शब्द लावला की हा फरकच पुसला जातो. माझं भांडण उसनवारीशी नाही. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. तो ऐकला की कोणी ठरवलं, कोणाला सोडावं लागलं, हे विचारायचं राहूनच जातं.

मग हे चित्र भिंतीवर का ठेवलंय? हा प्रश्न रास्त आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका क्लायंटसाठी डॅशबोर्ड केला होता. सिस्टम किती वेळ चालू होती, किती तक्रारी निकालात निघाल्या, किती वेळात निघाल्या. सगळे आकडे खरे, एकही फुगवलेला नाही. फक्त एक सूचना आली होती की पडून राहिलेल्या तक्रारी पहिल्या स्क्रीनवर नकोत, आत कुठेतरी टाका. टाकल्या. ग्राफ इतके देखणे झाले की रिव्ह्यूमध्ये लोकांनी कौतुक केलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. सपोर्ट टीमची पोरं सहा महिने आणखी माणसं मागत होती, त्यांना उत्तर मिळालं की सगळं तर हिरवं दिसतंय. त्यातल्या दोघांनी नोकरी सोडली. मला माहीत होतं. मी बोललो नाही. त्याच महिन्यात होम लोनचे हप्ते सुरू झाले होते.

मी खोटं काही केलं नव्हतं. फक्त सावली काढली होती.

कास्तिल्योनेनेही खोटं काढलं नाही. जुळी कमळं खरोखर उमलतात, एका ताटाला जास्त कणसंही लागतात. निसर्गात होतं असं कधीमधी, राजा कोणीही असो. त्याने फूल खरं काढलं, त्याचा सोयीचा अर्थ लावणाऱ्यांच्या हाती दिलं आणि खाली सही केली. माझी गोष्ट आणि त्याची गोष्ट एका मापाची नाही, हे मला कळतं. माझा फार तर बोनस गेला असता. त्याच्या ओळखीतला माणूस हद्दपार झाला होता. पण एका बाबतीत तो माझ्या पुढे आहे. १७३६ साली, पुढच्या सम्राटाच्या, च्यानलोंगच्या काळात, सम्राट त्याचं चित्र बघायला आला असताना कास्तिल्योनेने गुडघे टेकून आपल्या धर्माच्या लोकांवरचा जाच थांबवण्याची विनंती केली. म्हणजे तेरा वर्षांनी का होईना, पण माणूस बोलला.

तो मेल्यावर च्यानलोंगने त्याला उपमंत्र्याच्या दर्जाची पदवी दिली आणि अंत्यविधीसाठी तीनशे ताएल चांदी. धर्मावरची बंदी मात्र उठवली नाही.

शुभचिन्हांचं म्हणाल तर आणखी एक गंमत आहे. त्याच्या सहाशे वर्षं आधी सोंग घराण्यातला हुइझोंग हा सम्राट स्वतः उत्तम चित्रकार होता आणि अशाच शुभ खुणांची चित्रं करायचा. १११२ साली राजवाड्यावर सारस घिरट्या घालताना दिसले, त्याचं चित्र आजही लिआओनिंगच्या म्युझियममध्ये आहे. काय सुरेख सारस आहेत! पंधरा वर्षांनी उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी राजधानी घेतली आणि चित्रकार सम्राटाला कैद करून नेलं. आणि हे जुर्चेन म्हणजे योंगझेंगच्या मांचू लोकांचे पूर्वज. शुभचिन्हांची चित्रं किती कामाला येतात हे त्याच्या घराण्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

तर चित्र भिंतीवर राहणार. ते सुंदर आहे, याबद्दल माझं काहीच भांडण नाही. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालायला मी त्याच्यासमोरच बसतो आणि नजर आपोआप बैठकीच्या खालच्या कोऱ्या रेशमाकडे जाते, जिथे सावली असायला हवी होती. नंतर दिवसभरात कोणी म्हणालं की अमुक पहिल्या स्क्रीनवर नको, तर मी निदान विचारतो, का नको? कधी उत्तर पटतं. कधी वाद होतो. परवाच एकदा झाला.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला फ्यूजन म्हणून काही दाखवलं, गाणं असो, जेवण असो, चित्र असो, तर जरूर आस्वाद घ्या. पण हे कोणाच्या हुकमावरून झालं आणि त्यासाठी कोणाची सावली काढली, एवढं विचारल्याशिवाय वा म्हणू नका.

आणि मित्रा, हे वाचत असशील तर पुढच्या शनिवारी ये. चहा मी आधीच गाळून ठेवतो. या वेळी गप्प बसणार नाही.